सीआरपी 6.8 आला, म्हणजे माझाच स्वभाव चुकलाय का?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई नाशिकजवळ राहतात, वय 47. मिस्टरांच्या कंपनीने नवरा-बायको दोघांना हेल्थ चेकअपचं पॅकेज दिलं होतं, त्यात ताईंचा हाय-सेन्सिटिव्ह सीआरपी 6.8 आणि ईएसआर 38 आला (दोन्ही शरीरातला दाह म्हणजे इन्फ्लमेशन दाखवणाऱ्या रक्ततपासण्या). मिस्टर 51 वर्षांचे, शिफ्ट ड्युटी, जेवणाच्या वेळा नाहीत, चिडचिड भरपूर, तरी त्यांचा सीआरपी 0.8 आणि ईएसआर 12. नेहमीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, "शरीरात इन्फ्लमेशन आहे, टेन्शन घेऊ नका, आनंदी राहा." तेव्हापासून घरात एकच वाक्य चालू आहे, तू फार विचार करतेस म्हणून हे झालं. सासूबाई तीन वर्षांपूर्वीच्या अर्धांगवायूपासून अंथरुणावर आहेत, रात्री दोनदा तरी उठावं लागतं. मुलगी पुण्यात शिकते, नणंद ठाण्यात असते. ताई विचारतात: मी मन लावून खूश राहिले तर आकडा खाली येईल का? ध्यान-प्राणायामाचं दहा दिवसांचं शिबिर आहे त्याला जाऊ का, पण मग सासूबाईंकडे कोण बघणार? आणि ह्यांना काहीच कसं होत नाही, पुरुषांच्या शरीराला टेन्शन लागत नाही का? शेवटी कंसात लिहिलंय, "सकाळी बोटं आखडलेली असतात, कणीक मळायला तास-दीड तास थांबावं लागतं, पण ते वयाचंच असेल."

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनही वेळा त्या कंसावरच थांबले. तुमच्या बाकी सगळ्या प्रश्नांवर बोलूया, पण आधी कंसातलं. सकाळी बोटं तास-दीड तास आखडणं हे वय नाही. वयाचा जो सांधेदुखीचा त्रास असतो ना, झिजेचा, त्यात सकाळचा आखडलेपणा बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत जातो आणि दिवसभर काम केल्यावर दुखणं वाढतं. उलट जिथे सांध्यातच दाह असतो तिथे सकाळी जास्त जखडतं, हलवल्यावर हळूहळू मोकळं होतं. सोबत सीआरपी आणि ईएसआर वाढलेले असतील तर आमवात म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे का हे बघायलाच हवं. हा आजार बायकांमध्ये पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट दिसतो, कुठल्याही वयात होतो पण चाळिशी-पन्नाशीत सुरू होणं अगदी कॉमन आहे. तुम्हाला तो आहेच असं मी म्हणत नाहीये, पत्रावरून कुणीच म्हणू शकणार नाही, पण रूमॅटॉलॉजिस्टची, म्हणजे सांध्यांच्या दाहाच्या तज्ज्ञांची, अपॉइंटमेंट शिबिराच्या आधीची हवी. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी ह्या आमवात ओळखायला मदत करणाऱ्या दोन रक्ततपासण्या ते सांगतील, हात बघतील, दाबून बघतील. असला तर लवकर कळणं फार महत्त्वाचं आहे कारण सांध्यांचं नुकसान सुरुवातीच्या काळातच व्हायला लागतं आणि औषधं वेळेत सुरू झाली तर ते बरंचसं थांबवता येतं.

हे इतकं आग्रहाने सांगतेय त्याला कारण आहे. माझ्या आईला दोन वर्षं "टेन्शन" होतं. म्हणजे ती जिथे जायची तिथे तेच ऐकून यायची, थकवा, उदास वाटणं, हातपाय जड, आणि प्रत्येक वेळी घरी येऊन आणखी गप्प व्हायची कारण आता आजाराचं खापरही तिच्याच स्वभावावर फुटलेलं. शेवटी निघाला थायरॉइड. गोळी सुरू झाली आणि तीनेक महिन्यांत आई परत आमची आई झाली. म्हणून "टेन्शन घेऊ नका" हे शब्द कुठल्या तपासणीच्या आधी आले की माझे कान टवकारतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. मन आणि दाह ह्यांचा संबंध आहे का, तर आहे, आणि बायका-पुरुषांत तो सारखा नाही. पण तुम्ही गृहीत धरलंय की बाण एकाच दिशेने जातो, आधी मन दुःखी झालं आणि मग शरीर सुजलं. तो उलटाही जातो. तापात पडल्यावर कसं वाटतं आठवा, कुणाशी बोलू नये, कशातच रस नाही, आपलं कुणी नाही असं उगाच वाटतं, रडू येतं. ते फक्त अशक्तपणामुळे नसतं. दाहाचे जे निरोप रक्तातून फिरतात, इंटरल्यूकिन-6 वगैरे, ते मेंदूपर्यंत पोचतात आणि मेंदू माणसाला आत ओढून घेतो, पडून राहा, एकटा राहा असं सांगतो. पूर्वी हेपटायटिस-सी साठी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत असत, ती शरीरात हेच निरोप वाढवतात, आणि ती घेणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना आधी काही नसताना डिप्रेशन यायचं.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ह्यावर एक प्रयोग झाला, 2015 साली छापून आला. 115 निरोगी माणसं घेतली, बायका आणि पुरुष, काहींना जिवाणूच्या आवरणातल्या विषाचा अगदी छोटा डोस टोचला, काहींना नुसतं सलाईन. डोस इतकाच की काही तास दाह वाढेल आणि आपोआप उतरेल. दाह दोघांचाही वाढला, पण उदासी आणि "मी सगळ्यांपासून तुटलेय" ही भावना बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त वाढली, आणि ज्या बाईचं रक्तातलं रसायन जास्त चढलं तिला ते तुटलेपण जास्त जाणवलं, पुरुषांमध्ये असा हिशेब लागला नाही. ताई, ह्याचा अर्थ नीट बघा. त्या बायकांच्या घरात त्या दिवशी काहीच घडलं नव्हतं. सासर-माहेर, पैसा, भांडण, काही नाही. फक्त रक्तात दाह वाढला आणि मन खाली गेलं. तुम्ही लिहिलंय की "मला हल्ली सगळ्यांत असूनही एकटं वाटतं, मी कृतघ्न झालेय का". नाही हो. कदाचित तुमचं शरीर तुमच्या मनावर ओझं टाकतंय आणि घरचे म्हणतायत की मनाने शरीरावर टाकलं.

दुसऱ्या दिशेचेही पुरावे आहेत, ते लपवणार नाही. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर 1985 पासून एक मोठा अभ्यास चालू आहे, व्हाइटहॉल-2 नावाचा. त्यातला 2008 साली आलेला एक निष्कर्ष असा, की ज्या बायकांना दिवसभरात जास्त आनंदी क्षण जाणवले त्यांचे सीआरपी आणि इंटरल्यूकिन-6 कमी होते. पुरुषांमध्ये मात्र हा संबंध सापडला नाही. तुमच्या डॉक्टरांनी ह्यावरून सांगितलं की नाही माहीत नाही, पण "आनंदी राहा"च्या मागे जो काही आधार आहे तो ह्या प्रकारचा आहे. फक्त हे एका वेळचं चित्र आहे, आनंदाने दाह कमी झाला की दाह कमी होता म्हणून आनंद वाटला हे त्यातून ठरत नाही. आणि जी बाई खरंच मजेत आहे तिच्याबद्दलचा हा आकडा आहे, मनातून जळत असताना चेहऱ्यावर हसू ठेवणारीबद्दलचा नाही. त्यामुळे मन लावून खूश राहिले तर आकडा उतरेल का ह्याचं उत्तर, असं हुकमाने उतरत नाही. तुम्ही रोज स्वतःवर पहारा ठेवणार, आज किती वेळा वाईट वाटलं, आता सीआरपी वाढणार, हे एक नवीनच टेन्शन होईल.

आता मिस्टरांचा 0.8. इथे मला दोन-तीन गोष्टी सांगायच्यात. एक म्हणजे नवरा-बायकोचे हे आकडे शेजारी ठेवून तुलना करायचीच नसते. बायकांचा सीआरपी सरासरीने पुरुषांपेक्षा थोडा जास्तच असतो. चरबीच्या पेशी स्वतः इंटरल्यूकिन-6 सोडतात, त्यावरून यकृत सीआरपी बनवतं, आणि वजन आणि सीआरपीचं नातं बायकांमध्ये जास्त घट्ट दिसतं. पाळीच्या त्रासासाठी किंवा इतर कशासाठी हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तरी सीआरपी चढतो, कारण तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं (चालू असतील तर डॉक्टरांना नक्की सांगा, तुम्ही लिहिलं नाहीये). ईएसआरचा तर डॉक्टर लोक ढोबळ हिशेबच वेगळा धरतात, पुरुषाचं वय भागिले दोन आणि बाईचं वय अधिक दहा भागिले दोन. म्हणजे तुमच्यासाठी साधारण 28 पर्यंत चालतं, मिस्टरांसाठी 25 पर्यंत. तुमचा 38 त्याच्या वर आहेच, दुर्लक्ष करू नका, पण तो त्यांच्या 12 पेक्षा तिप्पट वाईट आहे असं काही नसतं.

दुसरं, पुरुषांना टेन्शन लागत नाही हे खरं नाही. अमेरिकेत 1988 ते 1994 ह्या काळात देशभर तपासण्यांचा एक मोठा सर्व्हे झाला होता, त्याच्या आकड्यांवरून नंतर बघितलं तर डिप्रेशन आणि वाढलेला सीआरपी ह्यांचा जोरदार संबंध पुरुषांमध्ये दिसला आणि बायकांमध्ये नाही! म्हणजे लंडनमध्ये एक दिसतं, अमेरिकेत बरोबर उलटं, कारण एकीकडे आनंद मोजला, दुसरीकडे आजार मोजला, वयं वेगळी, माणसं वेगळी. ह्या विषयावर जो कुणी ठामपणे सांगेल की बायकांचं असंच असतं आणि पुरुषांचं तसंच, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. झोपेचंही तसंच. ड्यूक विद्यापीठात 2008 साली दोनशेच्या वर निरोगी माणसांचा अभ्यास झाला, त्यात झोप नीट न लागण्याचा दाहाशी संबंध बायकांमध्ये होता, पुरुषांमध्ये नव्हता. पण त्याआधी 2004 साली तरुणांना आठवडाभर रात्री सहाच तास झोपू दिलं तेव्हा इंटरल्यूकिन-6 दोघांमध्ये वाढलं आणि टीएनएफ नावाचं दुसरं रसायन फक्त पुरुषांमध्ये. मिस्टर शिफ्ट करतात. त्यांचा एक सीआरपी चांगला आला म्हणजे त्यांचं बीपी, शुगर, मन सगळं उत्तम असं सर्टिफिकेट मिळालेलं नाही. पुरुषांमध्ये उदासी पुष्कळदा रडण्यातून येत नाही, चिडचिडीतून येते, गप्प बसण्यातून येते, दारूतून येते, आणि आपल्या देशात आत्महत्या करणाऱ्या दहा जणांतले साधारण सात पुरुष असतात. त्यामुळे "ह्यांना काहीच होत नाही" हे तुम्ही मनातल्या रागाने लिहिलंय ते मला समजतं, पण एकदा त्यांनाही शांतपणे विचारा, तुम्हाला कसं वाटतं म्हणून. तुमच्या घरात दोन थकलेली माणसं आहेत, फक्त एकीचा रिपोर्ट बोलला.

आणि आता ज्याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळ आहे आणि माझ्या मते अर्धं उत्तर जिथे आहे, ते म्हणजे सासूबाईंची सेवा. तीन वर्षं, रात्री दोनदा उठून. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात 1995 साली एक छोटासा प्रयोग झाला, घरातल्या स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची काळजी घेणाऱ्या 13 बायका आणि त्याच वयाच्या, तेवढ्याच कमाईच्या इतर 13 जणी. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली आणि भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. सेवा करणाऱ्या बायकांना नऊ दिवस जास्त लागले. त्याच विद्यापीठाच्या लोकांनी नंतर सहा वर्षं माणसांचा पाठपुरावा केला, त्यात आजारी जोडीदाराची देखभाल करणाऱ्यांचं इंटरल्यूकिन-6 इतरांच्या साधारण चौपट वेगाने वाढत गेलं, 2003 साली आलं होतं हे. त्यातल्या कुणाला "तू विचार फार करतेस" म्हणून झालं नव्हतं. वर्षानुवर्षांचं काम, मोडलेली झोप, आणि सुट्टी नाही, ह्याने होतं ते.

आपल्याकडचा हिशेबही बघा, 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जात होती आणि जे पुरुष घरकाम करतात असं निघालं त्यांची 97 मिनिटं, शिवाय असे पुरुष होतेच शंभरात 26. हे मी भांडण लावायला सांगत नाहीये. तुमच्या घरात आकडा तुमच्या स्वभावाच्या नावावर लिहिला गेला, तो घड्याळाच्या नावावर लिहून बघा, एवढंच.

मग करायचं काय. पहिलं, रूमॅटॉलॉजिस्ट, वर सांगितलंच. ह्या आठवड्यात नंबर लावा. सीआरपी परत दोन-तीन आठवड्यांनी करून घ्या, कारण एका रिपोर्टवर काही ठरत नाही, चेकअपच्या आधी सर्दी-ताप, दाढ, हिरड्यांतून रक्त, लघवीचं इन्फेक्शन असं काही असेल तरी तो वर जातो. एकच्या खाली कमी, एक ते तीन मधला, तीनच्या वर जास्त असं हृदयाच्या धोक्यासाठी धरतात आणि दहाच्या वर गेला तर आधी इन्फेक्शन किंवा दुसरा आजार शोधतात, तुमचा 6.8 तीन आणि दहाच्या मध्ये आहे म्हणून घाबरून जाण्यासारखं नाही पण सोडून देण्यासारखंही नाही. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, शुगर करा. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, केलं तर डॉक्टरांना सीआरपी दाखवूनच त्याचा अर्थ विचारा, कारण दाह असला की फेरिटिन आपोआप वाढतं आणि शरीरात लोह कमी असूनही रिपोर्ट नॉर्मल दिसतो. आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांना अ‍ॅनिमिया आहे तेव्हा ही फसगत कमी बायकांची होत नसेल. डॉक्टरांकडे जाताना एक कागद न्या, त्यावर लिहा सकाळी उठल्यापासून बोटं मोकळी व्हायला किती मिनिटं लागली, आठ दिवसांचं. "थोडं दुखतं" असं सांगू नका, मिनिटं सांगा.

दुसरं, रात्र. शिबिराचा विचार करताना तुम्ही विचारलंत सासूबाईंकडे कोण बघणार, आणि मला वाटलं हाच प्रश्न दहा दिवसांसाठी न विचारता रोजच्यासाठी का नाही विचारायचा? शिबिर वाईट नाही, ध्यान-प्राणायामाने काही जणींना झोप लागते, जीव शांत होतो, जमलं तर पुढे कधीतरी जरूर जा. पण दहा दिवसांनी परत आल्यावर अकराव्या रात्री तुम्हीच दोनदा उठणार असाल तर काय बदललं? त्यापेक्षा आठवड्यातल्या दोन-तीन रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपाल हे ठरवा. मिस्टरांची दिवसपाळी असेल त्या आठवड्यात ते उठतील, त्यांची आई आहे, आणि रात्री आईचं डायपर बदलणं मुलाला जमतं, सुरुवातीला दोघांनाही संकोच वाटेल तो चार दिवसांत जातो. रात्रपाळीच्या आठवड्यात ब्युरोतून मावशी मिळतात का बघा, पैशाचा प्रश्न येईल, तिथे नणंदबाईंशी बोला. त्या ठाण्याहून येऊ शकत नसतील तर पैशाने वाटा उचलतील, किंवा महिन्यातून एक शनिवार-रविवार येतील. मागताना "मला झेपत नाही हो" असं रडवेलं होऊन मागू नका, रिपोर्ट समोर ठेवा आणि म्हणा डॉक्टरांनी सलग झोप सांगितलीय, आपण तिघांत कसं बसवायचं? कदाचित त्या नाही म्हणतील. कदाचित इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही म्हणून गप्प असतील, असंही मी पाहिलंय.

खाण्याचं झटकन सांगते. हळदीच्या कॅप्सूल, अमुक काढा, ग्रुपवर जे फिरतं ते नको. भाजीतली हळद वेगळी आणि कॅप्सूल वेगळी, कॅप्सूलने यकृताला त्रास झाल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. कंबर मोजा, आपल्याकडे बायकांसाठी 80 सेंटीमीटरच्या वर गेली तर लक्ष द्यायचं, पुरुषांसाठी 90. रोज अर्धा तास चालणं, सांध्यांना झेपेल तसं. बस.

तिसरं, मन. शरीराची तपासणी करा म्हटलं म्हणजे मनाचं काही नाही असा अर्थ काढू नका. दोन आठवडे रोज उदास वाटतंय, कशातच जीव लागत नाही, रात्री उठवलं नाही तरी पहाटे जाग येते, असं असेल तर त्याचीही ट्रीटमेंट करायची, गोळी किंवा समुपदेशन किंवा दोन्ही. डिप्रेशनमध्ये दाह कमी करणाऱ्या औषधांवर प्रयोग झालेत, 2013 साली एमरी विद्यापीठात एका औषधाची साठ पेशंटवर ट्रायल झाली, सरसकट सगळ्यांना फायदा झाला नाही, ज्यांचा सीआरपी पाचच्या वर होता त्यांच्यात मात्र सुधारणा जास्त दिसली. अजून हे नेहमीच्या उपचारात आलेलं नाही, तुम्ही मागू नका, पण मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलात तर हे सगळे रिपोर्ट त्यांनाही दाखवा. लगेच कुणाकडे जाणं शक्य नसेल तर 14416 हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, आणि मिस्टरांसाठीही तोच नंबर.

ज्या इतर जणींनी ह्याच महिन्यात अशीच पत्रं पाठवलीत, एकीला थायरॉइड, एकीला नुसतंच "अंगात सूज", त्यांनाही हेच, आधी तपासणी पूर्ण करा, मग झोप कोण मोडतंय ते बघा, स्वभावाचं सगळ्यात शेवटी. आणि ज्या पुरुषांनी बायकोचा रिपोर्ट वाचून हे पान उघडलंय त्यांना एकच विनंती, आज रात्री आईने हाक मारली तर तुम्ही उठा.

ताई, घरी हे सगळं एकदम बोलायचं धाडस होत नसेल तर सुरुवात अशी करा. उद्या सकाळी कणीक मळायची वेळ झाली की हात तसेच पुढे धरा आणि मिस्टरांना म्हणा, मूठ बंद होत नाहीये, बघा. त्यांना बघू द्या. मग अपॉइंटमेंटला सोबत या म्हणा. अँटी-सीसीपीचा रिपोर्ट आला की मला कळवा, काहीही आला तरी.